जिताड्याची गाबोळी

घोळीची गाबोळी तुम्ही खाल्ली असेल. सुरमईची, शिंगाळ्याची खाल्ली असेल. पावसाच्या तोंडावर नशिबाने पाला मिळाला तर त्याचीही खाल्ली असेल. पण जिताड्याची गाबोळी कधी खाल्लीत का? पनवेल, पेण, उरण, अलिबाग या भागातल्या, जिताड्याच्या चवीवरून जेवता जेवता भांडणाऱ्या मंडळींना मी हा प्रश्न कित्येक वर्षं विचारत आलो आहे. बहुतेक जण आधी "खाल्ली की!" म्हणतात. मग जरा आठवू लागतात आणि गप्प होतात.

मला हा प्रश्न सुचला तो विद्वत्तेमुळे नव्हे, फजितीमुळे. मी मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी होतो. घर पनवेललाच, त्यामुळे प्रकल्पाचा विषय निवडताना फार डोकं चालवलं नाही; जिताडा घेतला. सरांनी सांगितलं, वीस नर आणि वीस माद्या तपास आणि त्यांच्या जननग्रंथींची नोंद ठेव. जिताडा विकत घेणं विद्यार्थ्याला तेव्हाही परवडत नव्हतं. म्हणून मासळी बाजारात बसणाऱ्या एका मावशींशी मी करार केला. मासा त्यांनी विकायचा, गिऱ्हाइकाला कापून द्यायचा आणि पोटातला ऐवज तेवढा माझ्या डब्यात टाकायचा. जून गेला, जुलै गेला. माझे वीस नर झाले, तीस झाले. मादी एकही नाही. सरांना वाटलं, याला नर-मादी ओळखता येत नाही. मला वाटलं, मावशी गाबोळी घरी नेतात आणि उरलेलं माझ्या गळ्यात मारतात. एक दिवस धीर करून तसं विचारलंच. त्या रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणाल्या, "जिताऱ्याला गाबोली नसतं रं बाला. इतकी वर्सं कापतंय, एकदोन येलाच बघितली. ती पन मोठ्या धुडांना."

माझ्या प्रकल्पाचं उत्तर त्या वाक्यात होतं. ते मला पुस्तकात सापडायला आणखी सहा महिने लागले.

रेडिओवर मासा दाखवता येत नाही, म्हणून ज्यांना जिताडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांत वर्णन करतो. अंग रुपेरी, पाठ हिरवट-करडी, कपाळ आत दबलेलं, त्यामुळे मानेवर पोक आल्यासारखं दिसतं. जबडा मोठा, शेपटी गोल. रात्री बॅटरी मारली तर डोळा लालसर चमकतो. ठाण्या-मुंबईकडे याला खजुरा म्हणतात, गोव्यात चणक. बंगालची भेटकी ती हीच, आणि ऑस्ट्रेलियातल्या मत्स्यप्रेमींची बारामुंडीही हीच. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत हा मासा पसरलेला आहे. ब्लॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट लक्षात यायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

ती गोष्ट अशी. जिताडा वयात येतो तो नर म्हणून. काही हंगाम तो नराचं काम करतो आणि मग, पुरेसा मोठा झाला, की मादी होतो. उरलेलं सारं आयुष्य तो मादीच राहतो. पापुआ न्यू गिनीतल्या नद्यांमध्ये काम करणाऱ्या आर. मूर या संशोधकाने हे १९७९ साली सविस्तर मांडलं. पुढे डेव्हिस यांनी उत्तर ऑस्ट्रेलियात शेकडो मासे तपासून तपशील भरला. तिथे जिताडा साधारण तीन ते पाच वर्षांचा झाला, की नर म्हणून पक्व होतो आणि सहा ते आठ वर्षांच्या सुमारास मादी होतो. तोवर त्याची लांबी पाऊण मीटरच्या पुढे, मीटरच्या आसपास गेलेली असते. नर म्हणून शेवटचा हंगाम संपतो न संपतो तोच वृषणाच्या जागी अंडाशय तयार व्हायला लागतो आणि हे काम वर्षभर रेंगाळत नाही, थोडक्या आठवड्यांत उरकतं. अपवाद असतात, काही मासे नरच राहतात, एखादी मादी लहान वयातही सापडते. पण नियम हाच.

यात निसर्गाचा काय फायदा? हिशेब सरळ आहे. नराचं बीज तयार करायला फार मोठं शरीर लागत नाही, लहान नरही भरपूर बीज देतो. अंड्यांचं तसं नाही. अंडं म्हणजे साठवलेलं अन्न, आणि पोट जितकं मोठं तितकी अंडी जास्त. सव्वा मीटरची एक जिताडी एका हंगामात कोट्यवधी अंडी देऊ शकते. तेव्हा लहानपणी नर आणि मोठेपणी मादी होणं फायद्याचं. मायकेल घिसेलिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९६९ साली हा विचार मांडला आणि तो आजही टिकून आहे. आपल्या रावसाचंही असंच आहे, तोही आधी नर आणि मग मादी. उलट हेकरूच्या कुळातले बरेच मासे आधी मादी असतात आणि मग नर होतात. समुद्रात या बाबतीत आपल्यासारखा सोवळेपणा नाही.

आता पनवेलच्या बाजारात येणारा जिताडा आठवा. किलोचा, दोन किलोचा, फार तर तीनचा. सगळे नर! मला मादी मिळणार कुठून?

आपल्या भागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो तळ्याचा. पेण-अलिबागच्या खारपट्टीत गावोगाव तळी आहेत आणि त्यांत जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीच्या काठाने, खाजणातल्या डबक्यांतून बोटभर पिल्लं धरायची, हंड्यातून आणून तळ्यात सोडायची. तळ्यात लहान मासळी असतेच, तिच्यावर ती पोसतात. वर्षाने किलोच्या घरात जातात. दोन-तीन वर्षं ठेवली तर पाहुण्यांना ताटाबाहेर जाईल एवढी तुकडी मिळते. जावई आला, साहेब आला, की तळ्यात जाळं पडतं. सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी कामं या माशाने सोपी केली अशी आख्यायिका आमच्याकडे सगळ्या तालुक्यांत आहे. खरी-खोटी मी सांगत नाही.

पण तळ्यातला जिताडा तळ्यात कधीही वीत नाही. विणीसाठी त्याला समुद्राइतकं खारट पाणी लागतं, आणि तळ्यात असतं गोडं किंवा मचूळ पाणी. शिवाय तिथे तो नर असतानाच कापला जातो. म्हणजे तळ्यातली प्रत्येक पिढी बाहेरून, खाडीतून येते. आणि खाडीतलं प्रत्येक पिल्लू आलं कुठून? खाडीच्या तोंडाशी जगून-वाचून राहिलेल्या थोड्या म्हाताऱ्या माद्यांपासून. रायगडातली तळी, लग्नघरं आणि साहेबांची जेवणं या सगळ्याचा भार त्या थोड्या माद्यांवर आहे.

आता माझी एक चूक सांगतो. शिकून नोकरीला लागल्यावर मी गावोगाव मच्छीमारांच्या सभांमध्ये बोलायला जात असे. माझं ठरलेलं वाक्य होतं, "लहान मासा सोडा, मोठा धरा." टाळ्याही मिळत. बांगडा, पापलेट, बोंबील यांच्या बाबतीत ते वाक्य बरोबरच आहे. माशाला आयुष्यात एकदा तरी अंडी घालू द्यावीत आणि मग पकडावं, हा मत्स्यव्यवस्थापनाचा पहिला धडा. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली, ती याच तत्त्वावर. पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत असेल तर धरायचं नाही, बोंबील १८० च्या आत असेल तर नाही, सुरमई ३७० च्या आत असेल तर नाही. हा आदेश उशिरा आला, पण चांगला आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला होता.

जिताड्याला मात्र हा पहिला धडा अपुरा पडतो. किमान लांबीचा नियम सांगतो, लहानाला सोड आणि मोठ्याला धर. जिताड्यात त्याचा अर्थ होतो, नराला सोड आणि मादीला धर. नर सोडलेच पाहिजेत, कारण उद्याच्या माद्या त्यांतूनच व्हायच्या आहेत. पण मोठी धुडं तेवढी वेचून काढली तर सोडलेले नर वीण करणार कोणाबरोबर? मी इतकी वर्षं ज्या सभांत बोललो तिथल्या एखाद्याने माझं ऐकून दहा किलोची मादी मोठ्या समाधानाने धरली असेल, तर त्याचं पाप माझ्याकडे आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने यावर सोपा तोडगा काढला आहे. तिथे बारामुंडी ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडायची आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तरीही सोडायची. मधलीच धरायची. शिवाय पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे त्यांच्याकडच्या विणीच्या दिवसांत, ती धरायलाच बंदी. गंमत अशी, की ज्या धरणांमध्ये पिल्लं सोडून बारामुंडी वाढवली जाते, तिथे या दोन्ही बाबतींत सवलत आहे. कारण धरणातली बारामुंडी काही विणार नसते. म्हणजे आपल्या तळ्याला एक न्याय आणि खाडीला दुसरा. हा विचार मला फार पटतो. तळ्यातला जिताडा मनसोक्त खावा. खाडीच्या तोंडावरची मोठी मादी वेगळी, ती उद्याचं बियाणं आहे. शेतकरी घरात कितीही अडचण असली तरी बियाण्याची कणगी उघडत नाही, ते आपल्याला समजतं. माशांच्या बाबतीत मात्र कणगी कुठे आहे हेच आपण बघितलेलं नसतं.

क्वीन्सलँडचे आकडे मात्र जसेच्या तसे इथे आणून चालणार नाहीत. आशियातल्या काही भागांत जिताडा त्याहून लहान आकारातच मादी होतो. आपल्या खाड्यांसाठी मोजपट्टी आपल्याच माशांवरून ठरवायला हवी, आणि ते काम मासळी बाजारात, मावशींच्या पाटाजवळ बसूनच होणार आहे.

नुसती टनांची मोजदाद इथे कामाची नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी राज्यांचे आकडे देते. महाराष्ट्राची सागरी मासळी २०१८ मध्ये २ लाख ९५ हजार टन होती, ती २०१९ मध्ये २ लाख १ हजार टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांनी बरेच दिवस होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या, हेही त्यामागचं एक कारण. अशा आकड्यांवरून सरकारला पुष्कळ काही कळतं. पण एक टन जिताडा म्हणजे हजार कोवळे नर की शंभर म्हाताऱ्या माद्या, हे टनांतून दिसत नाही. त्यासाठी माशाचं वय लागतं.

माशाचं वय कसं कळतं? त्याच्या डोक्यातल्या खड्यावरून. घोळ, ढोमा कापताना डोक्यात पांढरा दगड निघतो, तो कोळणींना चांगला माहीत असतो. जवळपास सर्व हाडांच्या माशांना कानाच्या पोकळीत असे खडे असतात. माशाचा तोल आणि ऐकणं त्यावर चालतं. हा खडा आयुष्यभर थरावर थर चढत वाढतो, आणि मोसम बदलला की थराचा रंग बदलतो. खडा पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात, ती मोजायची. याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य गोड्या पाण्याहून बरंच जास्त असतं, आणि पाण्यात जसं असेल तसं ते खड्याच्या त्या त्या थरात उतरतं. म्हणजे खड्याच्या मध्यापासून कडेपर्यंत स्ट्रॉन्शियम मोजत गेलं, की हा मासा कोणत्या वयात खाऱ्या पाण्यात होता आणि कोणत्या वयात गोड्या, याची रोजनिशीच हाती येते. पापुआ न्यू गिनीतल्या माशांची अशी रोजनिशी वाचल्यावर एक जुना समज बदलला. सगळे जिताडे लहानपणी नदीत जात नाहीत. काही जन्मभर खाडीत आणि किनाऱ्यालाच राहतात. पण जे गोड्या पाण्यात जातात, त्यांना विणीसाठी परत खाली यावंच लागतं.

हा प्रवास आपल्या खाडीत कसा होत असेल? पावसाळ्याच्या सुरुवातीला उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अवस-पुनवेच्या आसपास, माद्या आणि नर खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी पुरेसं खारट असतं तिथे जमतात. संध्याकाळ झाली, भरती चढू लागली, की अंडी सुटतात. ती तरंगती असतात, जेमतेम पाऊण मिलिमीटरची. भरती त्यांना आत ढकलते. दिवस उलटायच्या आत अंड्यातून दीड मिलिमीटरचा जीव बाहेर पडतो. पुढची काही भरती-ओहोटीची आवर्तनं त्याने तगायचं आणि दोन-तीन आठवड्यांत तिवरांच्या मुळांत, खाजणात, पावसाने भरलेल्या डबक्यांत शिरायचं. तिथे मोठे मासे पोहोचत नाहीत आणि खायला बारीक कोळंबी, डासांच्या अळ्या भरपूर. (भावंडंही! जिताड्याचं पिल्लू स्वतःच्या निम्म्याहून मोठं भावंड गिळतं. बीजकेंद्रात म्हणूनच दर काही दिवसांनी पिल्लं चाळून लहान-मोठी वेगळी करावी लागतात.)

पनवेलच्या खाडीत येणाऱ्या पिल्लाची वाट कुठून जाते ते नकाशावर बघा. मुंबई बंदराचं पाणी, एका अंगाला न्हावा-शेवा. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या जलमार्गातला गाळ तेव्हापासून उपसला जातो आहे. डोक्यावर जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू. आत वळलं, की उलवे आणि गाढी नद्यांच्या मधला तो सपाट पट्टा, जिथून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडत आहेत. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं. त्याच्या वर कासाडीचं पाणी येतं. त्याबद्दल पनवेलकरांना मी काय सांगावं! मी विकासाच्या विरुद्ध भाषण करायला आलेलो नाही. विमानतळावरून मीही जाणार आहे. पण ज्या पिल्लाला तिवरात पोहोचायला दोन-तीन आठवडेच मिळतात, त्याच्या वाटेवर काय काय आलं, हे आपण एकत्र मांडून पाहिलेलं नाही. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल वेगळा, मासा मात्र तोच.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरण-गव्हाण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा निकाल दिला, तेव्हा आपल्याकडे पहिल्यांदाच खाडीतल्या मासेमारीच्या नुकसानीला एवढी मोठी किंमत लावली गेली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या निकालाचं महत्त्व मी कमी करत नाही. पण भरपाई जाळ्याची होते, वाटेची होत नाही.

या वाटेवरचा सगळ्यात जुना अडथळा मात्र ना बंदराने घातला ना विमानतळाने. तो आपल्याच पूर्वजांनी घातला, आणि त्याचं नाव उघाडी. खारबंदिस्तीच्या बांधाला पाणी बाहेर सोडण्यासाठी झडपांची दारं असतात, त्यांना आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती आली, की खाडीचं पाणी झडपेला बाहेरून दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. शेतीच्या दृष्टीने युक्ती उत्तम. या जमिनींसाठी आपल्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारेपणा सोसणारे 'पनवेल' नावाचेच भात काढले आहेत. पण जिताड्याचं पिल्लू येतं ते भरतीच्या पाण्याबरोबर, आणि नेमकी त्याच वेळी उघाडी बंद असते.

दार जरा किलकिलं ठेवता येईल का? ऑस्ट्रेलियात मुंगाला नावाच्या ठिकाणी गुरांच्या कुरणासाठी खाडीला बांध घालून गोडं पाणी अडवलं होतं. पुढे तिथे जलपर्णी आणि परदेशी गवत इतकं माजलं, की पाणी दिसेना. २०१३ मध्ये त्या जमिनीच्या आदिवासी मालकांनी शास्त्रज्ञांच्या मदतीने बांध काढला. खारं पाणी आत-बाहेर करू लागलं आणि फवारणीने हटत नव्हती ती जलपर्णी त्या पाण्याने मागे हटली. आपल्याकडे सगळे बांध काढा असं कोण म्हणेल? बांधामागे भात आहे, घरं आहेत. पण पनवेल-उरणच्या पट्ट्यात कितीतरी खारजमिनी आता कोणी लावत नाही. उघाड्या मोडल्या आहेत, बांधाला खांडी पडल्या आहेत, तिवर उगवला आहे. जिताड्याच्या दृष्टीने ही मोडतोड भाग्याची. तिवरांना उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि २०१८ च्या आदेशांनी संरक्षण आहे. भराव पडतो तो बहुतेक तिवर उगवण्यापूर्वीच्या रिकाम्या खाजणावर. आणि ज्या शेतांत भात आहे तिथेही जुलैच्या मुसळधारेत खाडीच्या टोकाचं पाणी जवळपास गोडंच असतं. अशा दिवसांत भरतीच्या पहिल्या तासाभरापुरती झडप अडकवून ठेवली तर शेत खारवणार नाही, असं मला वाटतं. एखाद्या गावाने मनावर घेतलं तर दोन हंगामांत खरं-खोटं कळेल.

"बीजकेंद्रात पिल्लं तयार होतात की! मग चिंता कशाची?" असा प्रश्न हमखास येतो. होतात, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. थायलंडने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच जिताड्याची कृत्रिम वीण साधली. आपल्याकडे चेन्नईच्या खारेपाणी मत्स्यपालन संस्थेने ती १९९७ मध्ये साधली, आणि आज तमिळनाडूच्या बीजकेंद्रांतली पिल्लं महाराष्ट्रातही मिळतात. तळेवाल्यांनी ती जरूर घ्यावीत. खाडीतल्या पिल्लांवरचा तेवढा भार कमी होईल. पण बीजकेंद्रातली पिल्लं तळ्यांसाठी. खाडीतल्या कोळ्याच्या जाळ्यात येणारा मासा खाडीनेच द्यायचा असतो.

पावसाळी बंदीचं काय? १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची बंदी आहे ती यांत्रिक नौकांना. बिनयांत्रिक होडीला, खाडीतल्या पागाला, डोलीला ती लागू नाही, आणि ते योग्यच आहे. त्या दिवसांत त्या घरांची चूल त्यावरच असते. पण जिताडा वितो तो याच दिवसांत आणि याच पाण्यात. म्हणजे बाहेरच्या समुद्रातल्या मासळीला बंदीने जे संरक्षण मिळतं, ते जिताड्याला मिळत नाही.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. सगळी खाडी नको, सगळा मोसम नको. जून-जुलैमधली चार उधाणं, आणि त्या प्रत्येक उधाणाच्या चार रात्री. सोळा रात्री खाडीच्या तोंडाशी मोठ्या आसाची जाळी टाकायची नाहीत. तेवढ्यात बऱ्याच माद्यांची वीण उरकेल. जाळ्यात अडकलेली मोठी मादी सोडून देता येत नाही, ती बहुधा मेलेलीच असते. त्यामुळे नुसता 'मोठा मासा सोडा' असा नियम गळाला चालेल, जाळ्याला नाही. जाळ्यासाठी रात्रच सोडावी लागेल.

गेल्या वर्षी खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात मी हे मांडलं. टाळ्या पडल्या नाहीत. एका वयस्क नाखवांनी विचारलं, "मास्तर, सोला राती आमी खायाचा काय?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, दिवसा खाडीच्या आत पाग आहे, कोळंबी आहे, चिंबोरी आहे. आणि सोळा रात्रींचं नुकसान शासनाने भरून द्यावं. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, ऐकून घेतल्यासारखी. मग आपसांत बराच वेळ बोलणं झालं. कोणी म्हणालं, सोळा नको, आधी पुनवेच्याच करून बघू. कोणी म्हणालं, आपण थांबू आणि शेजारचे येऊन मारतील, त्याचं काय? अखेर नाखवाच उठले आणि त्यांनी आपली अट सांगितली. "पुनवंच्या राती आमी बंद ठेवतो. पन वरच्या गावांना सांगा, त्यांची उघाडी तेवढी उघडी ठेवा."

पुढच्या आठवड्यात मी वरच्या गावात जाणार आहे.